म्हशाच्या बाजारात दोन सीटांची गाडी

आमच्या अंगणात जी गाडी उभी होती तिला दोनच सीटा होत्या, आणि ही गोष्ट गावाला कधी पटलीच नाही. चाकं चार आणि माणसं दोन? बैलगाडीत निम्मं वऱ्हाड बसतं! आमची आई म्हणायची, "मेली नुसती मिरवायला केलेली." आईच्या बाजूनं बघितलं तर ते खरंच होतं, कारण त्या गाडीत ना भाताचं पोतं मावायचं ना पेंढ्याचा भारा. लाल, बुटकी, वरून उघडी अशी ती विलायती गाडी, शर्यतीत पळवायला बनवलेली. ती शेणवा गावाच्या पलीकडे, आमच्या कुडाच्या घरी, गोठ्याच्या रिकाम्या अर्ध्या भागात बांधलेली होती. बांधलेली म्हणते, कारण मागचं एक चाक आबा खरोखरच दाव्यानं खुंटीला बांधून ठेवायचे. गोठ्यातून अंगणाकडे उतार होता आणि हँडब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील. आसनगावला एका पारशी डॉक्टरांचा बंगला होता, तिथे ते ड्रायव्हर होते. डॉक्टर शनिवारी मुंबईहून यायचे, रविवारी गाडी खोलून बसायचे आणि सोमवारी उरलेले नटबोल्ट आबांच्या हवाली करून जायचे. त्यातून आबा शिकले. पुढे डॉक्टर कायमचे मुलीकडे परदेशी निघाले तेव्हा त्यांनी बंगला विकला, आणि गाडीचे कागद मात्र आबांच्या नावावर करून दिले. "विठू, ही तुझ्याशिवाय कोनाचा ऐकत नाय," म्हणाले. आबा ती घेऊन घरी आले तो दिवस मला लख्ख आठवतो. आई चुलीपुढे सुकट भाजत होती. आवाज ऐकून तशीच उलथणं हातात घेऊन बाहेर आली, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "हिचा चारा काय?" आबा म्हणाले, "पेट्रोल." आई आत निघून गेली. सुकट करपली ती करपलीच.

त्या घरात पहाटे पहिला आवाज मुसळाचा, दुसरा बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आणि तिसरा आबांच्या गाडीचा असायचा. इंजिन सुरू झालं की कोंबड्या दाणादाण पळायच्या, आणि भिवाकाका पडवीतून ओरडायचे, "अरे, झाली का तुजी पूजा?" भिवाकाका आबांचे थोरले भाऊ. आबा त्यांना दादा म्हणायचे. दादांनी बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. शेत दोघांचं होतं, शब्द मात्र एकाचाच. काका वाईट होते असं मला आज म्हणायचं नाही. त्या वेळी मात्र मी रोज म्हणत होते, आणि मनातल्या मनात म्हणत नव्हते.

मग तो हात मोडला. गाडी सुरू करायला पुढून लोखंडी दांडा घालून फिरवावा लागायचा. तो धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे. हे जगाला शिकवणाऱ्या आबांनी एका सकाळी अंगठा गुंडाळला. गाडीनं झटका दिला. मनगट मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. किन्हवलीकडच्या एका वैदूनं कामट्या बांधल्या, पाला लावला, पैज मारून सांगितलं की दिवाळीला नांगर धराल. दिवाळी आली. हाड वाकडं बसलं आणि उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. ताटातला घाससुद्धा आबा डाव्या हातानं घ्यायचे, आणि पाहुणे आले की जेवायला बसायचेच नाहीत.

काका त्या दिवसांत एकदा पडवीच्या खांबाला धरून म्हणाले, "या यंत्रानं माज्या भावाचा हात खाल्ला. आता ते या घरात नको." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं होतं, पण मला फक्त 'नको' ऐकू आलं. मी तेव्हा पंधराची होते, शाळा सातवीतच सुटलेली, आणि अंगात रग एवढी की आई म्हणायची, "इंदे, तुला पोटात असताना मी मिरच्या खाल्ल्या ते चुकलंच."

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेले आणि पान्यांची पेटी उघडली. आबा पडवीत बसून बघत होते. मी चुकीचा पाना लावून एक बोल्ट घसरवला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "बाराचा घे गो. तो चौदाचा हाय." बस. तेवढ्यावरून आमचं सुरू झालं. ते सांगायचे, मी करायची. पुढची दोन वर्षं त्यांचा उजवा हात म्हणजे मी. गाडीच्या खाली पेंढा पसरून मी उताणी शिरायची, ते डाव्या हातानं कंदील धरायचे, आणि वरून सूचना यायच्या. विहिरीवर जाणाऱ्या बाया मुद्दाम आमच्या अंगणातून जाऊ लागल्या. एक जण म्हणाली, "इंदे, लगीन काय गाडीशीच लावतंस?" मी खालूनच ओरडले, "लावीन की! निदान दारू पिऊन तरी घरी येणार नाय!" हे वाक्य पुढे मला चांगलंच महागात पडलं. ते सांगतेच.

त्या गाडीचं आम्ही काय काय केलं ते डॉक्टरसाहेबांनी बघितलं असतं तर झीट येऊन पडले असते. आमच्या वाटांवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या एवढ्या खोल की गाडीचं पोट घासायचं. आसनगाव स्टेशनावरचा एक टांगा मोडीत निघाला होता. त्याचे कमानपाटे आणून मी मागच्या पाट्यांखाली एकेक जादा घातला. गाडी वीतभर उंच झाली आणि मागून बघितलं तर नऊवारीचा काष्टा मारलेल्या बाईसारखी दिसायला लागली. सीटांतलं भरण उंदरांनी नेलं होतं, तिथे सावरीचा कापूस भरला. आणि वर छपराचा टप नव्हता, म्हणून ठाकूरवाडीच्या सोमीकडे गेले. सोमी भातलावणीसाठी बायांची इरली विणायची. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं, डोक्यावर घेऊन वाकलं की पाठ कोरडी राहते, तीच इरली. मी म्हटलं, गाडीसाठी एक पाहिजे. सोमी हसली नाही. ती आमच्या घरी आली, दोरीनं मापं घेतली आणि विचारलं, "पुढं वाकती का ही?" मी म्हटलं, "नाय, सरळच जाते." "मंग सरळ विनते." चार दिवसांत तिनं असं इरलं करून दिलं की काथ्यानं बांधल्यावर वाऱ्यात हलायचं नाही. आजवर एवढे नामी कारागीर बघितले, पण एवढा नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

दुसऱ्या वर्षी भात झोडून झालं आणि रात्रीच्या जेवणाला काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "म्हशाच्या जत्रेला गाडी न्यायची. तिथं गिऱ्हाईक मिळंल. तिच्या बदल्यात बैलजोडी आणू." पौषातली म्हशाची जत्रा म्हणजे गुरांचा मोठा बाजार, लांबलांबचे लोक येतात. कर्जतकडचा एक भातगिरणीवाला काकांनी आधीच हेरला होता. त्याला गाडी नको होती, इंजिन हवं होतं. गिरणीचा पट्टा फिरवायला. बाकीचा पत्रा भंगारात. मी भाकरीचा तुकडा तसाच ठेवला. आबांकडे पाहिलं. आबा वालाच्या बिरड्यात डाव्या हाताची बोटं फिरवत राहिले, आणि म्हणाले, "दादा म्हनतोय तर..." मला इतका संताप आला की मी ताटावरून उठले. आमच्याकडे बाईनं ताटावरून उठणं म्हणजे शिवीच.

आणि गंमत बघा. म्हशापर्यंत गाडी चालवत नेणार कोण? काकांना फक्त बैल हाकता यायचे, आबांचा हात हा असा. उरले मी. म्हणजे जिची गाडी विकायची तिनंच ती बाजारात नेऊन उभी करायची!

त्यात जत्रेच्या चार दिवस आधी ब्रेक आवळले. चूक सर्वस्वी माझी. ब्रेकचं तेल कमी झालं होतं, आणि मी अक्कल पाजळून इंजिनाचं तेल ओतलं होतं. तेल ते तेल, असं वाटलं. ब्रेकमध्ये रबराच्या छोट्या वाट्या असतात. त्या इंजिनाचं तेल पिऊन फुगल्या, आणि चारी चाकं जागच्या जागी जाम. आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "अगो, बैलाला कोनी कोंबडी चारतो का?" आई हे सगळं ऐकत होती. आई, जिला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती, ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "र्‍हाऊ दे ना मंग अशीच. चालली नाय तर नेतील कशी?"

मी तुम्हाला खरं सांगते, अर्धा दिवस मी तसाच विचार केला. मग गोठ्यात जाऊन तिच्या बॉनेटवर हात ठेवला आणि माझं मलाच वाईट वाटलं. माझ्या चुकीनं लुळी पडलेली गाडी खोटेपणानं अंगणात ठेवायची आणि म्हणायचं, बघा, वाचवली? शिवाय काकांना मी ओळखत होते. चालत नाही म्हटल्यावर त्यांनी गिरणीवाल्यालाच घरी बोलावलं असतं, आणि इंजिन अंगणातच उपसून नेलं असतं. न्यायची तर चालवत नेणार. कोणी म्हणायला नको की इंदीची गाडी ढकलत आणली.

नव्या वाट्या शहापूरच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या जीपमधून काढून आणल्या आणि काचकागदावर घासून मापात आणल्या. तेल मात्र कुठेच मिळेना. आबांनी आठवून आठवून सांगितलं, डॉक्टर म्हणायचे, पूर्वी ब्रेकला एरंडेलच घालायचे, रबराला ते सोसतं, फक्त ते पातळ करायला स्पिरिट लागतं. एरंडेल घरात होतंच, लहान पोरांच्या पोटासाठी आईनं जपलेलं. स्पिरिट कुठून आणणार? मी सोमीच्या वाडीवर गेले आणि मोहाची पहिल्या धारेची बाटली मागितली, जी काडी लावली तर पेटते. बाटली पदराखाली लपवून आणायची अक्कल मला होती. पण का लपवू? मी ती हातात धरून गावाच्या मधल्या वाटेनं आले. संध्याकाळपर्यंत विहिरीवर झालं, विठूची पोरगी प्यायला लागली. दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट कळल्यावर ती लग्नाचं विचारणारी बाईच ओरडली, "काय गो इंदे, नवरा दारू पीत नाय म्हनालीस ना?" मी म्हटलं, "पितो, पण थांब म्हटलं की थांबतो. तुजा थांबतो का?" ती पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

मिश्रणाचा रंग बघत बघत आबांनी एरंडेल आणि दारूचं माप ठरवलं. चारी चाकं मोकळी झाली. जत्रेच्या सकाळी काका बैलगाडीतून आधीच पुढे गेले होते. मी आईचं जुनं लुगडं घट्ट कासोटा मारून नेसले, आबा शेजारी बसले, आणि डोक्यावर सोमीचं इरलं. लायसन? ते मी नंतर काढलं. किन्हवली मागे पडली, आणि सरळगावच्या अलीकडच्या उतारावर वळण घेतलं तर समोर रस्ताभर बैल. जत्रेला निघालेला आख्खा तांडा. आबांचा वाकडा हात आपोआप हँडब्रेककडे गेला, पण बोटं मिटेनात. मी पायातला सगळा जोर ब्रेकवर दिला. गाडी सरळ रेषेत थांबली, शेवटच्या बैलाच्या शेपटीपासून हातभर अंतरावर. बैलानं वळून बघितलं आणि शेण टाकलं. आबा एवढे हसले, एवढे हसले. हात मोडल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. चाकांपाशी मोहाचा वास येत होता.

म्हशाच्या बाजारात आमच्याभोवती घोंगडीवाल्यांपेक्षा जास्त गर्दी जमली. बैलांचे दलाल, ज्यांना आमच्याकडे हेडी म्हणतात, ते गाडीही बैलासारखीच तपासायला लागले. एक म्हातारा सखाराम हेडी होता, साऱ्या बाजारात त्याचा शब्द चालायचा. त्यानं बॉनेट उघडायला लावलं, "दात बघू दे." मग विचारलं, "मारकी नाय ना?" आबांनी आपला वाकडा हात वर केला. सखाराम म्हणाला, "मारकी हाय. म्हंजे दमाची हाय."

गिरणीवाला आला. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून बोली लावतात. बघणाऱ्याला फक्त टॉवेल हलताना दिसतो. आबांची बोटंच मिटत नाहीत म्हणून हाताला काका बसले. टॉवेल हलत होता. मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली, आणि मला कळलं, जमत आलं. आता ते हात बाहेर काढतील, सखाराम टाळी वाजवील, आणि माझ्या गाडीचं पोट कापतील. आबा बैलाच्या खुंटासारखे उभे होते.

मी खाली बसले आणि टॉवेलाखाली हात घातला.

त्या टॉवेलाखाली बाईचा हात कधी गेला नव्हता. काकांचा हात मी बाजूला सारला, आणि गिरणीवाल्याच्या तळव्यावर माझी मूठ ठेवली. घट्ट मिटलेली. तो बिचारा बोटं शोधायला लागला, मग घाबरून त्यानं हातच काढून घेतला. "मूठ हाय," एवढंच म्हणाला.

"मूठ म्हंजे बोट नाय. बोट नाय म्हंजे बोली नाय," सखाराम म्हणाला.

काका ओरडले, "इंदे, हात काढ! चारचौघांत लाज काढतंस? बापाला बैल नकोत का तुज्या?"

"कागद आबांच्या नावावर हायेत, काका. आबांची बोटं मिटत नाय म्हनून तुमी बसलात. पन दोन वर्सं त्यांचा उजवा हात मी हाय. पाना मी धरला, चाक मी धरलं. मंग हितं पन मीच धरनार." माझा आवाज फाटला होता. रडू येत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

सखाराम हेड्यानं आबांकडे बघितलं. "विठोबा, बाजाराचा नियम हाय, मालकाचा हात चालतो. तूच सांग. टॉवेलाखाली हात कुनाचा हाय?"

आबांनी उभ्या आयुष्यात थोरल्या भावाचा शब्द मोडला नव्हता. ते काकांकडे बघत राहिले. मग खाली बसले, आपला न मिटणारा हात टॉवेलावर, माझ्या मुठीवर ठेवला आणि म्हणाले, "दादा, हात माजाच हाय."

गिरणीवाला टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला. परत निघताना आबा म्हणाले, "दादा, तू बस गाडीत, मी बैलगाडीनं येतो." काका वळलेच नाहीत.

बैलजोडी त्या वर्षी आली नाही, हेही लिहिलं पाहिजे. म्हाताऱ्या जोडीवरच निभावलं. पावसाळ्यात चिखलणीला नांगर धरायला गडी मिळाला नाही, तेव्हा तो मी धरला. बाईनं नांगर धरला की दुष्काळ पडतो म्हणतात आमच्याकडे. पडला नाही. आबांचा हात आहे म्हटलं होतं ना, मग तो गाडीपुरता कसा असेल? काका बैलांच्या पुढे चालत होते, माझ्याशी अबोला धरूनच. तिसऱ्या दिवशी बांधावर न्याहारी सोडली तेव्हा त्यांनी नाचणीची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली, आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "अंगठा वर ठेव. नांगर पन झटका देतो."

पुढे मी शहापूरला गॅरेज टाकलं, चालवलं, आता पुतण्याच्या हवाली केलं. गाडी अजून माझ्याकडे आहे. ब्रेकला आता दुकानातलं तेल घालते, इरलं मात्र दर वर्षी सोमीच्या लेकीकडूनच विणून घेते. रविवारी मुंबईचे लोक येतात, गळ्यात कॅमेरे, जुन्या गाड्यांचे शौकीन. गाडीभोवती फिरतात, टांग्याचे पाटे बघून हळहळतात, मूळ टप कुठे गेला विचारतात. मग एखादा लाडीगोडीनं म्हणतो, "आजी, तुम्ही फक्त आकडा सांगा."

मी म्हणते, आमच्याकडे तोंडानं सांगत नाहीत. टॉवेल आण. त्यांना मोठी मौज वाटते. टॉवेल येतो, कोणीतरी मोबाइलवर शूटिंग लावतो, आणि तो शौकीन माझ्यासमोर बसून टॉवेलाखाली हात पसरतो. मी माझा हात त्याच्या तळव्यावर ठेवते. तो बोटं शोधत राहतो.